बनाना स्लग: मुलांना त्याचा पापा घ्यायला लावावा का? आणि जंगलात त्याचं काम तरी काय?

धुकंवेडी

नमस्कार मंडळी. बे एरियात (कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) राहणाऱ्यांनी रेडवुडच्या (उंचच उंच सूचिपर्णी झाडांच्या) जंगलात बनाना स्लग पाहिला असेलच. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: बिनशंखाची, पिवळीधमक गोगलगाय. बोटभर ते वीतभर लांब, क्वचित २५ सेंटीमीटरपर्यंतही. जमिनीवर राहणाऱ्या स्लगांमध्ये आकाराने जगात दुसरा नंबर. युरोपातला एक काळा-राखाडी स्लग तेवढा याच्याहून मोठा.

सध्या इथे पावसाचे दिवस आहेत. लेकीच्या शाळेची सहल सांताक्रूझच्या डोंगरात गेली होती. सोबतच्या वाटाड्याने एक स्लग उचलला आणि आळीपाळीने सगळ्या मुलांना त्याचा पापा घ्यायला लावला. ज्यांनी जीभ लावली त्यांना शाबासकी! लेक घरी आली ती "आई, माझी जीभ झोपली होती" असं सांगतच. ती खूश होती, पण मला हा प्रकार अजिबात पटलेला नाही. तीसेक पोरांच्या हातांतून आणि ओठांवरून गेलेल्या त्या जिवाचं पुढे काय झालं असेल?

जाणकारांनी सांगावं: याने स्लगला इजा होते का? मुलांना काही धोका? आणि हा प्राणी जंगलात नेमकं करतो काय? शाळेला लिहायचं आहे, तेव्हा ठोस माहिती हवी.

सॅनहोजेकर

ताई, थोडा वेगळा विचार मांडतो. आजकालची मुलं स्क्रीनमधून डोकं वर काढत नाहीत. चिखलात हात घातला, बुळबुळीत काही धरलं, तरच जंगल त्यांचं होतं. इथे ही जुनी रीत आहे, पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी स्लगचे पापे घेतलेत. एखाद्या स्लगला थोडा त्रास झाला तरी त्यातून दहा मुलं निसर्गाकडे वळत असतील तर मला चालेल.

मृद्‌गंध_पुणे

मृदुकाय प्राणी हा माझा शिकवण्याचा विषय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी जीभ का झोपते ते. स्लगच्या अंगावरचा चिकटा (आमच्या प्रयोगशाळेत सगळे 'म्यूकस'च म्हणतात) ही त्याची ढाल आहे. बनाना स्लगच्या चिकट्यात बधिर करणारं द्रव्य असतं. कुणी तोंडात धरला की तोंड बधिर होतं आणि खाणारा त्याला टाकून देतो. म्हणजे तुमच्या लेकीला जे जाणवलं तो त्या स्लगचा बचाव होता. तो घाबरला होता म्हणूनच चिकटा दाट आला.

हा चिकटा फुकट तयार होत नाही. मार्क डेनी या जीवशास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास याच वंशातल्या एरिओलिमॅक्स कोलंबियानसवर प्रयोग केले. स्लगच्या तळव्यावरून शेपटीकडून डोक्याकडे स्नायूंच्या लाटा जातात. जिथे लाट असते तिथे चिकटा दाबाखाली पातळ होतो आणि तळवा पुढे सरकतो. लाट ओसरली की तोच चिकटा पुन्हा घट्ट होऊन तळव्याला धरून ठेवतो. म्हणून एकच पाय असूनही हा प्राणी उभ्या खोडावर चढतो. पण याची किंमत जबर आहे. डेनी यांच्या मोजणीत तेवढ्याच वजनाच्या प्राण्याला तेवढंच अंतर धावायला जी ऊर्जा लागेल तिच्या साधारण बारापट ऊर्जा सरपटायला लागली, आणि तिचा मोठा वाटा चिकटा बनवण्यात गेला.

आता तीस मुलांच्या कोरड्या हातांचा विचार करा. प्रत्येक हात त्याचा ओलावा आणि चिकटा ओढून घेतो. त्याची त्वचा पाझरणारी आहे, तो फुप्फुसाबरोबर त्वचेतूनही श्वास घेतो. हातावरचं सनस्क्रीन, सॅनिटायझर, ओठांवरचा बाम हे सगळं थेट आत जाऊ शकतं. इजा होते का या प्रश्नाला माझं उत्तर 'हो' असं आहे.

मुलांच्या बाजूने: गोगलगायी आणि स्लग जगात अनेक ठिकाणी उंदरांच्या फुप्फुसातल्या एका कृमीचे वाहक असतात. तो माणसाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो. धोका ठिकाणाप्रमाणे कमीजास्त असेल, पण कुठल्याही कच्च्या स्लगला जीभ लावू नये हा नियम सगळीकडे लागू.

काळी_माती

वाचून नवल वाटलं. आमच्याकडे लातूर भागात २०२२ च्या जुलैत सोयाबीन वर आलं न आलं तोच शंखी गोगलगायींनी शेतंच्या शेतं साफ केली. दुबार पेरणी केलेले शेतकरी आहेत आमच्या गावात. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधाला टाकायची, पहाटे उठून त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचायच्या आणि मिठाच्या नाहीतर साबणाच्या पाण्यात बुडवायच्या. बांधावर चुन्याचे पट्टे ओढायचे. घरातली म्हातारी माणसंसुद्धा बादल्या घेऊन शेतात. तुम्ही इथे गोगलगायीला त्रास होतो का म्हणून विचारताय! ज्याचं पीक गेलं त्याला विचारा.

मृद्‌गंध_पुणे

@काळी_माती, तुमचा राग रास्त आहे, पण या दोन प्राण्यांना एका पारड्यात घालू नका. तुमच्या शेतात आली ती आफ्रिकन शंखी गोगलगाय. मूळची पूर्व आफ्रिकेतली, १८४७ मध्ये कलकत्त्यात आणली गेली आणि तिथून देशभर पसरली. इथे तिला आवर घालणारं फारसं कुणी नाही, शेकड्यांनी अंडी घालते, उन्हाळाभर जमिनीत दडून बसते आणि पहिल्या पावसाला वर येते.

बनाना स्लग त्याच्या स्वतःच्या घरात आहे. आग्नेय अलास्कापासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या ओल्या किनारी जंगलांत तो तिथल्या झाडांबरोबर, सापांबरोबर, बुरशीबरोबर हजारो वर्षं राहतोय. तुमची गोगलगाय वेचून मारणं योग्यच. बनाना स्लगला मारायचं काही कारण नाही.

काळी_माती

हे पटलं. कीटकनाशकाच्या दुकानात कुणी देशी-परदेशी सांगत नाही, सरसकट 'गोगलगाय' म्हणून औषध देतात.

बागवेडी_ओकलंड

तीच गत इथे! माझ्या वाफ्यातली मेथी आणि कोथिंबीर रातोरात फस्त होते. शेजारीण म्हणाली बनाना स्लग असेल. रात्री टॉर्च घेऊन पाहिलं तर छोटे राखाडी स्लग आणि तपकिरी शंखाच्या गोगलगायी. दोन्ही युरोपातून आलेले. तपकिरी शंखाची तर कॅलिफोर्नियात १८५० च्या दशकात खाण्यासाठी म्हणून आणली होती, ती बागांमध्ये सुटली. बनाना स्लगला जंगलाची गर्द ओल लागते, माझ्या उन्हातल्या वाफ्यात तो कशाला येईल?

एक कळकळीची विनंती. गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइडच्या विषारी गोळ्या टाकू नका. कुत्र्यांना त्या जीवघेण्या ठरतात, आणि जंगलालगत घर असेल तर बनाना स्लगही त्या खातो. आयर्न फॉस्फेटच्या मिळतात, त्या त्यामानाने सुरक्षित. माझ्याकडे तर रात्री हाताने वेचणं सगळ्यात लागू पडलं.

सिएटलकर

मूळ प्रश्नातला 'काम काय' हा भाग राहतोय, म्हणून लिहितो. आमच्या वॉशिंग्टनमधले बनाना स्लग तुमच्यासारखे लख्ख पिवळे नसतात. ऑलिव्ह रंगाचे, बरेचदा अंगावर काळे-तपकिरी डाग. सांताक्रूझकडची जात जवळपास बिनडागाची पिवळी. तुम्हाला तो उठून दिसतो, पण बे लॉरेलची पिकली पानं वाटेवर पडलेली असतात ना, त्यांत तो बसला की नजर त्याच्यावरून सरळ घसरून जाते.

एकदा पावसानंतर ओंडक्यावर बसून एकाला अळंबी खाताना बराच वेळ पाहिलं. डोक्यावरच्या दोन लांब शिंगांच्या टोकाला डोळे, खालची दोन आखूड शिंगं वास-चव घ्यायला. खालच्या शिंगांनी अळंबीची कड चाचपली, मग तोंड टेकवलं. आत रॅड्युला असते, हजारो बारीक दातांची पट्टी, तिने तो खरवडून खातो. अळंबीच्या पांढऱ्या देठावर बारीक समांतर रेघा उमटत गेल्या. मानेमागे जो झुलीसारखा भाग असतो त्याच्या उजव्या कडेला एक भोक सावकाश उघडत होतं, मिटत होतं. तेच त्याचं नाक म्हणा, फुप्फुसाचं दार. मधेच पानावरून थेंब पडला तसे डोळे आत ओढले गेले आणि थोड्या वेळाने एकेक करून बाहेर आले.

खातो काय? पडकी पानं, शेवाळ, अळंबी, प्राण्यांची लीद, मेलेले जीव, कोंब, फळं. ज्या पॉयझन ओकने आपल्याला महिनाभर खाज सुटते तेही. अळंबीचे बीजाणू त्याच्या पोटातून जिवंत बाहेर पडतात आणि त्याच्या विष्ठेबरोबर दुसरीकडे पोचतात. झाडांच्या मुळांशी जोडून राहणाऱ्या बुरशींना अशा वाहकांचा उपयोग होतो. सॅमनबेरीसारखी फळं खाल्ली की बियाही तशाच पुढे जातात. आणि जी पानं कुजायला वर्षं लागतील ती खरवडून, पचवून तो नत्रयुक्त विष्ठा मागे टाकतो. पुढचं काम जंतू आणि बुरशी करतात.

धुकंवेडी

@सिएटलकर, वा! हा पूर्ण प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. तिचा प्रश्न: त्याला कोण खातं? आणि उन्हाळ्यात तो कुठे जातो? जुलैत आम्हाला एकही दिसत नाही.

सिएटलकर

खाणारे बरेच. गार्टर साप, मोठे सॅलॅमँडर, कावळे, बदकं. रकून तर त्याला मातीत-पाचोळ्यात घोळवून चिकटा काढतो आणि मग खातो. लेकीला सांगा, बधिर जिभेवर रकूनने तोडगा काढलाय.

उन्हाळ्यात तो पाचोळ्याखाली किंवा ओंडक्याखाली शिरतो, अंगाभोवती चिकट्याचं आणि पाचोळ्याचं वेष्टण करतो आणि ओल परत येईपर्यंत पडून राहतो.

ठाण्याचे_आजोबा

म्हणजे आपण चातुर्मास पावसात पाळतो आणि हे महाराज उन्हाळ्यात! नातवाला सांगितलं तर म्हणतो, "आजोबा, मग तो एकादशीला काय खातो?" आता अळंबी उपासाला चालते की नाही हे मंडळींनीच ठरवावं.

माजी_सांताक्रूझकर

मी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, सांताक्रूझला शिकलो. आमचं बोधचिन्हच बनाना स्लग! तिथल्या खेळाडूंचा तो सुरुवातीपासूनचा लाडका. १९८० च्या दशकाच्या आरंभी संघांना 'सी लायन्स' असं अधिकृत नाव मिळालं, पण विद्यार्थ्यांनी ते मनावर घेतलं नाही. चॅन्सेलर (विद्यापीठाचे प्रमुख) रॉबर्ट सिन्सहायमर यांचा कल सी लायनकडे होता, तरी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांनी मतदानात प्रचंड बहुमताने स्लगला निवडलं आणि शेवटी तोच अधिकृत झाला. इतर विद्यापीठं अस्वल, वाघ, गरुड मिरवतात. आम्ही असा प्राणी निवडला जो कुणावर धावून जात नाही. मला त्याचा आजही अभिमान आहे.

आणि २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाने बनाना स्लगला राज्याचा अधिकृत स्लग केलं. गव्हर्नर न्यूसम यांनी सही केली. @सॅनहोजेकर, राज्याच्या मानचिन्हाचा पापा घेणं बंद करायला एवढं कारण पुरेसं व्हावं :-)

सॅनहोजेकर

हा हा, मानचिन्हाचा मुद्दा भारी आहे. पण माझा प्रश्न तसाच आहे: हात लावल्याशिवाय मुलांना गोडी कशी लागणार?

चौकस_चिमणी

अवांतर, पण विचारतेच. नर-मादी कसे ओळखायचे?

मृद्‌गंध_पुणे

ओळखायचे नाहीत, प्रत्येक स्लग दोन्ही असतो. दोघं भेटतात, एकमेकांभोवती गोल फिरतात, चावे घेतात, आणि हे कित्येक तास चालू शकतं. मीलनात दोघंही एकमेकांना शुक्राणू देऊ शकतात. या वंशातल्या काही जातींत मीलनानंतर एक जण दुसऱ्याचं किंवा स्वतःचं शिश्न कुरतडून तोडतो. ते परत उगवत नाही, पुढे तो प्राणी फक्त मादी म्हणून प्रजनन करू शकतो. असं का, यावर संशोधकांत एकमत नाही. एक मत असं की अवयव अडकून पडतो, दुसरं असं की जोडीदाराने पुन्हा इतरांशी मीलन करू नये यासाठी हे घडतं. आकाराने अवयव मोठा असल्याने अडकण्याची शक्यता मला जास्त वाटते.

अंडी ओल्या पाचोळ्यात किंवा कुजक्या ओंडक्यात घालतो आणि निघून जातो. काही आठवड्यांनी पिल्लं बाहेर येतात ती पहिल्या दिवसापासून आपापली.

चौकस_चिमणी

बापरे. चहा गार झाला माझा.

आंबोलीचा_पाऊस

आपल्याकडच्यांची आठवण काढायला हवी. आंबोलीत जून-जुलैत भिंतीवर, केळीच्या बुंध्याला काळा, चपटा, चामड्यासारखा स्लग दिसतो. तो बहुधा आफ्रिकेतून आलेला चामडी स्लग, आता भारतभर आहे. पण पश्चिम घाटाचे स्वतःचेही आहेत. दक्षिणेकडच्या जंगलांत 'इंड्रेला अँप्युला' नावाचा अर्धा स्लग आहे, लालभडक अंग आणि त्यावर इवलासा शंख, इतका छोटा की अंग त्यात मावतच नाही. आपल्या पोरांना बनाना स्लग माहीत आहे आणि इंड्रेला नाही याचं मला वाईट वाटतं.

लहानपणी आम्ही यांच्यावर मीठ टाकायचो. मिठाने अंगातलं पाणी ओढलं जातं आणि तो चिकटा सोडत, आकसत मरतो. शेतातल्या किडीला मारायचं तर बादलीत बुडवून पटकन मारा. पण खेळ म्हणून रानातल्या जिवावर मीठ टाकणाऱ्या पोरांना तिथल्या तिथे थांबवायलाच हवं.

काळी_माती

@आंबोलीचा_पाऊस, शंभर टक्के. आम्हीही मजा म्हणून करत नाही.

माजी_सांताक्रूझकर

धुक्याबद्दल कुणी लिहिलं नाही. रेडवुडच्या पट्ट्यात उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतो. समुद्रावरचं धुकं झाडांच्या सुयांवर जमतं, ठिबकतं आणि खालची जमीन ओली ठेवतं. टॉड डॉसन या संशोधकाच्या अभ्यासात वर्षभरात जंगलाला मिळणाऱ्या पाण्याचा साधारण तिसरा हिस्सा हे ठिबकणारं धुकं देत असल्याचं आढळलं. त्यांनी आणि जेम्स जॉनस्टोन यांनी २०१० मध्ये मांडलं की विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून या किनाऱ्यावरचं उन्हाळी धुकं सुमारे ३३ टक्क्यांनी कमी झालंय. ज्याचं सगळं जगणं ओलीवर आहे त्या प्राण्यासाठी हा आकडा मला फार अस्वस्थ करतो.

२०२० च्या ऑगस्टमधल्या वणव्यात सांताक्रूझच्या डोंगरातलं बिग बेसिन हे रेडवुडचं पार्क जवळपास पूर्ण जळालं. जुने रेडवुड बुंध्यापासून पुन्हा फुटले, त्यांची साल जाड असते. पण पाचोळ्याचा थर राख झाला. खोडाला हिरवी पालवी दिसली की लोक म्हणतात 'जंगल परत आलं'. मी खाली बघतो, ओंडके किती पडलेत, पाचोळा किती साठलाय. तो साठल्याशिवाय स्लगला राहायला जागा नाही, आणि त्याला वर्षं लागतात.

बागवेडी_ओकलंड

आणि म्हणूनच जंगलातून 'सजावटीला' ओंडके, शेवाळ उचलून आणू नये. आमच्या ग्रुपमध्ये गणपतीच्या डेकोरेशनसाठी कुणी शेवाळाचा विषय काढला की मी दरवेळी भांडते.

धुकंवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. @सॅनहोजेकर, तुमच्या प्रश्नावर मी काल बराच विचार केला. लेकीला घेऊन पुन्हा जंगलात गेले. या खेपेला भिंग नेलं होतं. वाटेच्या कडेला एक सापडला. हात न लावता ती पालथी पडून त्याचं ते श्वासाचं भोक बघत राहिली, मी निघूया म्हटलं तरी उठेना. तेव्हा गोडी लागायला पापा घ्यावाच लागतो असं मला वाटत नाही.

शाळेला हे लिहितेय: स्लग उचलायचा नाही, जीभ तर मुळीच लावायची नाही. प्रत्येक गटाला दोन भिंगं द्या, आणि त्याची चकाकती वाट उलट दिशेने शोधत तो कुठून आला ते मुलांना हुडकू द्या. अजून काय घालू?

मृद्‌गंध_पुणे

एक मुद्दा घाला, शाळा तो टाळू शकणार नाही. कॅलिफोर्नियाच्या स्टेट पार्कांमध्ये प्राण्यांना हात लावणं, छेडणं नियमानेच मना आहे. वाटाड्याला हे माहीत असायला हवं होतं.

आणि वाटेच्या मधोमध, सायकलींच्या मार्गात एखादा आलाच, तर पान किंवा सालीचा तुकडा पुढे धरा, तो चढू द्या आणि ज्या दिशेला चालला होता त्याच बाजूला ठेवा. चुकून हाताला चिकटा लागला तर लगेच पाणी घेऊ नका, पाण्याने तो फुगतो आणि अधिकच पसरतो. आधी कोरड्या फडक्याने चोळून काढा, मग साबणाने धुवा.

सॅनहोजेकर

भिंगाची कल्पना आवडली. पापा घेण्याबद्दल माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही, पण जीभ लावायची नाही हे मान्य, आणि स्टेट पार्कात नियम तो नियम. शनिवारी मुलांना नेतोय. पाऊस झाला तर नक्की कुठे दिसतील? हेन्री काउल की म्यूर वुड्स?

माजी_सांताक्रूझकर

हेन्री काउलला जा, सॅन होजेहून जवळ आहे आणि गर्दी कमी. सकाळी लवकर, ऊन खाली पोचायच्या आत. वाटेवरच थांबा आणि पडलेल्या ओंडक्यांची सावलीतली बाजू, नेच्यांच्या बुडाशी, बे लॉरेलच्या पिवळ्या पानांत बघा. पाऊल टाकण्याआधी खाली बघायला मुलांना सांगा. भिंग नसेल तर माझ्याकडची दोन आहेत, निरोप टाका.